तीनपैकी कुठल्याही दोन

कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं
चार नंबरच्या मशीनजवळ उभा होतो.
तिनं माझे कान हप्त्याहप्त्यानं वसूल केले.
आधी चिमण्या नेल्या, मग किटलीची शिट्टी,
मग हेल्मीनं आतल्या खोलीतून मारलेली हाक.
ट्रक मात्र ऐकू यायचा.

हातभर लांबीचा, रिमोटवरचा,
पोटात नायट्रोचं इंजिन, आंबट जर्दाळूएवढं.
सुई पाव आटा उघडली की घोगरा,
पाव आटा आवळली की टिपेला,
आणि मधे कुठेतरी, केस मावेल एवढ्या जागेत,
तो नीट बोलायचा.
कर्लिंग क्लबच्या मागच्या पार्किंगात
अर्धं थंडर बे आपापली इंजिनं घेऊन यायचं,
वैद्यापुढे मनगट धरावं तशी.
मी ऐकायचो. मग इंजिनाच्या डोक्यावर थुंकायचो.
चुरचुरून उडाली तर तापलंय,
नुसतीच बसून राहिली तर अजून गार.

गेल्या मार्चात ते माझ्याच हाती जळालं.
कोरडं धावत होतं. किंचाळत असणार.
पलीकडून रेमो दोन्ही हात हलवत होता,
मला वाटलं, वाहवा करतोय.
मीही हलवला.

पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे.
आइलानं टायरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून लिहिलं:
आजोबा, विजेवर करू या.
मी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं.
त्या इंधनात खरंच एरंडेल असतं.
गॅरेजच्या लाकडात तो वास मुरलाय,
हेल्मी शिव्या द्यायची त्याला.

मग टाकी काढली. धुराची नळी काढली.
क्लच, दोरी, प्लग पेटवायची कांडी.
ब्रेकची छोटी मोटर हातात धरून विचारलं, ही?
नको, तिनं लिहिलं, नवी स्वतःच थांबते.
बाकावर ढीग वाढत गेला,
ट्रक हलका, थोडा लाजल्यासारखा.

मोटरसाठी ॲल्युमिनियमची पट्टी मीच कापली,
भोकं कानशीनं लांबट केली,
बाहेर सरोवरावर बर्फ, आत माझ्या मिशीत चुरा.
दातांत दात फार रुतवायचे नाहीत,
फार सैल सोडायचे नाहीत;
मधे कागदाची पट्टी घालायची,
स्क्रू आवळायचे, चाक फिरवून पट्टी बाहेर घ्यायची.
चुण्या पडल्या, फाटली नाही, तर जमलं.
आमच्याच गिरणीचा कागद होता.
एकतीस वर्षं तो कशासाठी करत होतो
हे एकदाचं कळलं म्हणा.
आणि हे बोटांचं काम. कानांना कुणी विचारलं नाही.

बॅटरी जोडली, चाप ओढला,
ट्रक उलटा सुटला तो थेट रंगाच्या डब्यात.
आइला हसली. तिचे खांदे दिसले.
पुठ्ठ्यावर: मोटरच्या तीन तारा.
दोघींची अदलाबदल कर.
कुठल्या दोन?
कुठल्याही.

मी तो शब्द बराच वेळ धरून बसलो.
चाळीस वर्षं पाव आट्याचा पाव शोधला,
आणि ही पोरगी म्हणते, कुठल्याही.

शनिवारी पार्किंगात नेला.
बर्फावरून तो गेला, वळला, उडाला,
सवयीनं मोटरवर थुंकलो,
थुंकी बसून राहिली, आइलानं बाहीनं पुसली,
चेहरा वाकडा करून.
कसा वाजतो? मी विचारलं.
तिनं विचार केला, पेन तोंडात.
झिप उघडल्यासारखा.

मी जॅकेटची झिप खाली ओढली,
वर ओढली, परत खाली.
अंगठ्याखाली एकेक दात लागत होता.
थंडी आत शिरली.

पलीकडून रेमो हात हलवायला लागला.
मी आधी ट्रककडे बघितलं.
ठीक होता.
मग हात हलवला.